टीव्हीवरची माणसं जाडी का दिसतात: चौकटीचं गणित आणि ते जुळवायची पद्धत

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये नवा ५५ इंची टीव्ही लागला की पहिल्या रविवारी हमखास एखादा जुना मराठी चित्रपट लावला जातो. चित्र मधोमध येतं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या. मागच्या खुर्चीवरून लगेच आवाज येतो, "अहो, पूर्ण स्क्रीनवर घ्या की! एवढे पैसे कशाला मोजले?" कोणीतरी रिमोटवर 'फुल' दाबतं, पट्ट्या जातात आणि नायिकेचा चेहरा भाकरीसारखा पसरतो. गंमत म्हणजे त्यानंतर कोणी तक्रार करत नाही. दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते. म्हणूनच हे डोळ्यांच्या भरवशावर सोडू नये, मोजून बघावं.

चित्र पडद्यावर पोचेपर्यंत चार हातांतून जातं: फाइल किंवा चॅनल, ते चालवणारा प्लेअर, लॅपटॉप किंवा सेट टॉप बॉक्स, आणि शेवटी टीव्ही किंवा प्रोजेक्टर. चौघांनाही चित्र ताणता येतं, कापता येतं, पट्ट्या लावून लहान करता येतं. यातल्या एकानेच चौकट जुळवायची आणि बाकीच्या तिघांनी चित्र आहे तसं पुढे द्यायचं, एवढं पाळलं तर जवळजवळ सगळ्या तक्रारी संपतात. दोघांनी एकाच वेळी मदत केली की घोटाळा होतो.

आधी थोडे आकडे

चौकटीची रुंदी भागिले उंची म्हणजे अॅस्पेक्ट रेशो. नेहमी भेटणारी प्रमाणं मोजकीच आहेत. जुना टीव्ही आणि व्हीएचएस कॅसेट ४:३, म्हणजे १.३३. आजचा टीव्ही १६:९, म्हणजे १.७८. बरेच प्रोजेक्टर आणि काही लॅपटॉप १६:१०, म्हणजे १.६. थिएटरचे चित्रपट १.८५ किंवा २.३९. आणि मोबाइल उभा धरून काढलेला व्हिडिओ ९:१६. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, त्या काळातल्या बोलपटांची चौकट साधारण १.३७ धरा, म्हणजे जवळपास ४:३. तेव्हा त्या चित्रपटांना बाजूच्या पट्ट्या येणारच. त्या दिसल्या म्हणजे टीव्ही बरोबर काम करतोय.

५५ इंची टीव्हीचा पडदा साधारण ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो. त्यावर ४:३ चं चित्र नीट बसवलं तर ते ३६ बाय २७ इंच येतं. कर्ण काढा: बरोबर ४५ इंच. म्हणजे जुन्या चित्रपटापुरता तुमचा टीव्ही ४५ इंची. २.३९ चा चित्रपट लावला तर रुंदी पूर्ण ४८ मिळते, पण उंची २० इंचांवर येते. पिक्सेलमध्ये सांगायचं तर १९२०×१०८० च्या पडद्यावर ४:३ च्या दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेलची पट्टी, आणि २.३९ ला वर-खाली सुमारे १३८-१३८ ओळींची.

पट्ट्या नको असतील तर दोनच मार्ग उरतात. एक म्हणजे ताणणं: ४:३ चं चित्र १६:९ वर ताणलं की प्रत्येक गोष्ट एक तृतीयांशाने रुंद होते. दुसरा म्हणजे झूम: प्रमाण शाबूत राहतं, पण वरून-खालून मिळून चित्राचा पाव भाग कापला जातो. जुन्या चित्रपटांत कपाळावरचं कुंकू आणि खालची नावं दोन्ही जातात. काही टीव्हींत तिसराही एक प्रकार असतो, 'वाइड झूम' किंवा तत्सम नावाचा. त्यात मधला भाग जवळपास तसाच राहतो आणि कडा ताणल्या जातात. बातम्यांत एक वेळ खपून जातं, पण कॅमेरा डावी-उजवीकडे फिरला की माणसं कडेला फुगतात आणि मध्ये येऊन बारीक होतात. तो प्रकार वापरूच नका.

गोल काढा आणि टेप लावा

१. लॅपटॉपवर पॉवरपॉइंटमध्ये एक कोरी स्लाइड घ्या. त्यावर गोल काढा आणि आकाराच्या चौकटीत उंची ५ इंच, रुंदी ५ इंच असं हाताने भरा. नुसता माऊसने ओढलेला गोल चालणार नाही.

२. लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडा, स्लाइड शो सुरू करा.

३. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या. पत्र्याची टेप पॅनेलवर ओरखडे पाडते. गोलाची आडवी आणि उभी मापं घ्या आणि आडव्याला उभ्याने भागा.

उत्तर १ आलं (एखाद्या शतांशाचा फरक सोडून द्या) तर लॅपटॉपपासून टीव्हीपर्यंत सगळं ठीक आहे. १.३३ आलं तर कुठेतरी ४:३ चा सिग्नल १६:९ वर ताणला जातोय. ०.७५ आलं तर उलट, रुंद चित्र ४:३ मध्ये चेपलंय. १.११ आलं तर १६:१० चा लॅपटॉप टीव्हीभर ताणलाय. आणि ०.९ हा आकडा प्रोजेक्टरवर फार भेटतो: १६:९ चं चित्र १६:१० च्या पॅनेलवर उभं ताणलं गेलं की तो येतो. ०.९ डोळ्यांना कळत नाही, माणसं फक्त जराशी सडपातळ दिसतात, आणि त्याबद्दल कोण तक्रार करणार?

ही परीक्षा फक्त लॅपटॉप, केबल आणि पडदा यांची झाली. गोल बरोबर आला आणि तरी चित्रपट ताणलेला दिसला तर दोष प्लेअरमध्ये किंवा फाइलमध्ये आहे. अर्धी शोधाशोध इथेच वाचते.

टीव्ही: चौकट आणि कडा

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन अॅस्पेक्ट रेशो 'ऑटो', 'ओरिजिनल' किंवा '१६:९' यांपैकी जे असेल त्यावर ठेवा. 'झूम' आणि '४:३' नको. हे सेटिंग बहुतेक टीव्हींत प्रत्येक इनपुटसाठी वेगळं लक्षात ठेवलं जातं. एचडीएमआय १ वर नीट केलं म्हणजे एचडीएमआय २ वर झालं असं नाही.

आता कडा. लॅपटॉप जोडल्यावर विंडोजची खालची टास्कबार पूर्ण दिसते का बघा. अर्धीच दिसत असेल तर टीव्ही ओव्हरस्कॅन करतोय, म्हणजे चित्र थोडं मोठं करून चारही कडा कापतोय. ही जुन्या काचेच्या ट्यूबची सवय. तेव्हा कडेचं चित्र नीट येत नसे, म्हणून ते चौकटीच्या आड ढकलत. आजच्या पॅनेलला त्याची गरज नाही. प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापलं तरी वर-खाली २७-२७ ओळी आणि बाजूंना ४८-४८ पिक्सेल जातात. शिवाय उरलेलं चित्र पडदाभर मोठं करावं लागतं, म्हणून अक्षरं धुरकट होतात. लॅपटॉपवर स्वच्छ दिसणारा एक्सेलचा तक्ता टीव्हीवर डोळ्यांना त्रास देतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

उपाय त्याच मेनूत असतो, नाव तेवढं कंपनीगणिक बदलतं: एलजीत 'जस्ट स्कॅन', सॅमसंगमध्ये 'फिट टू स्क्रीन', सोनीत 'फुल पिक्सेल', काहींत 'डॉट बाय डॉट'. ते चालू करा. काही टीव्हींत इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं की ओव्हरस्कॅन आपोआप बंद होतो.

सेट टॉप बॉक्स आणि एसडी चॅनल

एसडी चॅनलचं, म्हणजे एचडी नसलेल्या साध्या चॅनलचं चित्र आपल्याकडे ७२०×५७६ पिक्सेलचं असतं. भागून बघा, १.२५ येतं. ते ४:३ ही नाही आणि १६:९ ही नाही. कारण इथले पिक्सेल चौरस धरलेलेच नाहीत. तेच ७२० पिक्सेल ४:३ च्या कार्यक्रमाला ७६८ इतके रुंद करून दाखवायचे असतात आणि १६:९ च्या कार्यक्रमाला १०२४ इतके. कुठलं करायचं याची खूण सिग्नलबरोबर येते. डीव्हीडीतही हाच प्रकार. खूण चुकली किंवा वाचलीच नाही की चित्र बिघडतं.

बॉक्सच्या मेनूत दोन गोष्टी ठरवा. टीव्हीचा प्रकार १६:९ ठेवा. आउटपुट रेझोल्युशन १०८० वर न्या. यानंतर ४:३ चं चॅनल लावलं तर बॉक्स स्वतःच बाजूच्या पट्ट्या लावून १९२०×१०८० चं पूर्ण चित्र टीव्हीला देतो. त्या पट्ट्या टीव्हीच्या दृष्टीने चित्राचाच भाग असतात. म्हणून बॉक्सने चित्र आधीच ताणून दिलं असेल तर टीव्हीचं 'ऑटो' कितीही वेळा दाबून काही उपयोग नाही. दुरुस्ती बॉक्सच्याच मेनूत, 'नॉर्मल', 'पिलर बॉक्स' किंवा तशा नावाखाली सापडेल.

एका ठिकाणी मात्र झूम योग्य असतो. काही चॅनल रुंद चित्रपट ४:३ च्या चौकटीत वर-खाली पट्ट्या लावून पाठवतात, आणि तीच चौकट आपल्या टीव्हीवर बाजूच्या पट्ट्यांसह येते. चित्र चारही बाजूंनी काळ्या चौकटीत, पोस्टाच्या तिकिटासारखं. ते पाहताना टीव्हीवर 'झूम' दाबा: चारही पट्ट्या जातात, प्रमाण बिघडत नाही. ५७६ पैकी जेमतेम ४३२ ओळीच खऱ्या असतात, त्यामुळे चित्र मऊ दिसणार हे धरून चाला. पाहून झालं की झूम काढा. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत निवेदकाचं डोकं उडतं ते त्याच्यामुळे.

लॅपटॉप आणि प्लेअर

विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा आणि 'डुप्लिकेट'ऐवजी 'एक्स्टेंड' निवडा. डुप्लिकेटमध्ये लॅपटॉपचा पडदा आणि टीव्ही या दोघांना एकच रेझोल्युशन घ्यावं लागतं, आणि बऱ्याचदा ते लॅपटॉपच्या सोयीचं ठरतं. जुना लॅपटॉप १३६६×७६८ चा असेल तर पूर्ण एचडी टीव्हीवरही तेवढंच जातं. मग डिस्प्ले सेटिंगमध्ये टीव्हीचा पडदा निवडून 'रेकमेंडेड' लिहिलेलं रेझोल्युशन ठेवा. ग्राफिक्सच्या पॅनेलमध्ये स्केलिंगचा पर्याय दिसला तर 'मेन्टेन अॅस्पेक्ट रेशो' निवडा. 'फुल स्क्रीन' म्हणजे ताणणं.

पडद्याचं खरं रेझोल्युशन लॅपटॉपला केबलमधूनच कळतं: टीव्ही स्वतःची माहिती पाठवतो, लॅपटॉप वाचतो. लांबलचक व्हीजीए केबलमध्ये ही माहिती वाहणारी तार नसली तर लॅपटॉप अंदाजाने १०२४×७६८ देऊन मोकळा होतो आणि गोलाचं उत्तर १.३३ येतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून केबल किंवा कन्व्हर्टर घेताना लॅपटॉप बरोबर न्या, आणि दुकानातल्याच मॉनिटरवर योग्य रेझोल्युशन येतंय का ते बघून मग पैसे द्या.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये 'ए' दाबत गेलं की अॅस्पेक्ट रेशो बदलत जातो, 'सी' दाबलं की कापण्याचं प्रमाण. दोन्ही 'डिफॉल्ट'वर असले पाहिजेत. कोणीतरी चुकून 'ए' दाबलेलं असतं आणि सगळे टीव्हीचा रिमोट धुंडाळत बसतात, हे फार वेळा घडतं.

मोबाइलचा उभा व्हिडिओ आडवा पडून चालत असेल तर त्याचंही कारण खुणेतच आहे. बरेच फोन व्हिडिओ आडवाच साठवतात आणि 'दाखवताना ९० अंश फिरवा' अशी टीप जोडतात. जुने प्लेअर आणि टीव्हीच्या यूएसबीवरचे प्लेअर ती वाचत नाहीत. लॅपटॉपवरून चालवा.

प्रोजेक्टर

गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात पडदा बांधून चित्रपट दाखवायचा तर कापड शिवण्याआधी प्रोजेक्टरचं नेटिव्ह रेझोल्युशन, म्हणजे आतल्या पॅनेलचे खरे पिक्सेल बघा. जाहिरातीत '१०८० सपोर्टेड' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तो सिग्नल घेतो एवढाच. आतलं पॅनेल १२८०×८०० किंवा १०२४×७६८ असू शकतं.

८ फूट रुंद पडदा धरू. १६:९ साठी उंची साडेचार फूट, १६:१० साठी ५ फूट, ४:३ साठी ६ फूट. प्रोजेक्टर १६:१० चा आणि चित्रपट १६:९ चा असेल तर साडेचार फुटांचं चित्र आणि वर-खाली तीन-तीन इंच करडा उजेड. प्रोजेक्टरची काळी पट्टी कधीच पूर्ण काळी नसते. तेवढ्या भागावर काळं कापड टाचलं तर तेच चित्र एकदम उठावदार दिसतं, खर्च शंभर-दोनशे रुपयांचा.

प्रोजेक्टर किती लांब ठेवायचा ते थ्रो रेशोवरून, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी यावरून निघतं. तो १.५ असेल तर ८ फुटांच्या रुंदीला १२ फूट अंतर. मग हा क्रम पाळा:

१. प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यासमोर, सपाट ठेवा. टेबलावर ठेवणार असाल तर बहुतेक मॉडेलमध्ये लेन्सची उंची पडद्याच्या खालच्या कडेच्या आसपास लागते.
२. कीस्टोन शून्यावर आणा. 'ऑटो कीस्टोन' बंद.
३. अॅस्पेक्ट 'ऑटो' किंवा 'नॉर्मल'.
४. लेन्सवरच्या रिंगने झूम, मग फोकस.
५. गोलाची स्लाइड लावून मोजा.

कीस्टोनबद्दल थोडं सांगायला हवं. प्रोजेक्टर खाली ठेवून तोंड वर केलं की चित्र वर रुंद, खाली अरुंद होतं. कीस्टोन ते सरळ करतो असं वाटतं, पण करतो इतकंच की पॅनेलवरच चित्र उलट्या बाजूने चेपतो. म्हणजे ८०० ओळींच्या पॅनेलमधल्या काही ओळी आणि कडेचे पिक्सेल वायाच जातात, उरलेल्यांत सगळं पुन्हा कोंबलं जातं, अक्षरांच्या कडा दातेरी होतात, आणि बऱ्याच स्वस्त प्रोजेक्टरांत गोलाचं माप पुन्हा बिघडतं. टेबलाखाली दोन विटा ठेवणं याहून केव्हाही चांगलं.

मांडवातली एलईडी वॉल

भाड्याने मिळणाऱ्या वॉलमध्ये ५०० मिमी बाय ५०० मिमीचे कॅबिनेट, म्हणजे जोडून वॉल बनवायचे चौरस तुकडे, सर्रास असतात. 'पी ३.९१' म्हणजे दोन पिक्सेलमधलं अंतर ३.९१ मिमी, म्हणून एका कॅबिनेटमध्ये १२८×१२८ पिक्सेल. आठ कॅबिनेट आडवे आणि पाच उभे लावले की वॉल ४ मीटर बाय अडीच मीटरची होते आणि तिचे पिक्सेल होतात फक्त १०२४×६४०. नेमकं १६:९ हवं तर सोळा बाय नऊ कॅबिनेट, म्हणजे ८ मीटर बाय साडेचार मीटर लागतील; गल्लीतल्या मांडवात ते कुठे बसणार? त्यामुळे वॉल जवळपास नेहमीच वेगळ्या प्रमाणाची निघते.

पहिला बिघाड: वॉलवर लॅपटॉपच्या पडद्याचा वरचा डावा कोपराच दिसतो. लॅपटॉपचं चित्र वॉलकडे पाठवणाऱ्या साध्या सेंडिंग कार्डला चित्र लहान करता येत नाही, ते पिक्सेलला पिक्सेल लावतं. १९२०×१०८० मधले पहिले १०२४×६४० घेतं, बाकी सोडून देतं. म्हणजे जेमतेम एक तृतीयांश चित्र. स्केलर असलेला, म्हणजे चित्र लहान-मोठं करू शकणारा व्हिडिओ प्रोसेसर मागून घ्या, किंवा प्लेबॅकच्या सॉफ्टवेअरमध्ये आउटपुटची चौकट वरच्या डाव्या कोपऱ्यात १०२४×६४० ची करा.

दुसरा बिघाड: प्रोसेसर आहे, पण ऑपरेटरने 'वॉल भरा' म्हणून चित्र उभं ताणलंय. गोलाचं उत्तर पुन्हा ०.९. प्रमाण राखलं तर चित्र १०२४×५७६ येतं आणि वर-खाली ३२-३२ ओळी, म्हणजे पाच-पाच इंच, काळ्या राहतात. वॉल बंद असल्यासारखी दिसते म्हणून मंडळी हरकत घेतात. त्या पाच इंचांत मंडळाचं नाव आणि वर्गणीदारांच्या पट्ट्या सरकवल्या तर सगळे खूश होतात, आणि आरतीच्या थेट दृश्यात गणपतीबाप्पाही सडपातळ होत नाही. जाहिराती बनवणाऱ्याला आधीच वॉलचे खरे पिक्सेल कळवा. 'बारा बाय आठ फूट' एवढं सांगून भागत नाही.

लग्नाची जुनी कॅसेट

व्हीएचएस डिजिटल करून देताना काही जण ४:३ चं चित्र १९२०×१०८० वर ताणूनच सेव्ह करतात. इथे टीव्ही, बॉक्स, लॅपटॉप सगळे निर्दोष असतात. ताण फाइलमध्येच शिजलाय. पण काही कापलेलं नसेल तर तो उलटवता येतो. व्हीएलसीत 'ए' दाबून ४:३ आणा. हार, अंतरपाट, माणसांचे चेहरे ठीक दिसले तर निदान पक्कं.

कायमचं करायचं तर एमकेव्हीटूलनिक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फाइल आत ओढा, यादीतला व्हिडिओ ट्रॅक निवडा, त्याच्या गुणधर्मांत अॅस्पेक्ट रेशो ४/३ भरा आणि नवी फाइल तयार करा. व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, नुसती खूण बदलते. त्यामुळे तीन तासांचं लग्नही थोडक्या मिनिटांत होतं आणि दर्जा तसूभरही घटत नाही. टीव्हीच्या यूएसबी प्लेअरने ती खूण वाचली नाही तर मात्र पुन्हा एन्कोड करून १४४०×१०८० ची फाइल काढावी लागेल.

ताणण्याऐवजी झूम करून दिलेलं असेल, म्हणजे माणसं प्रमाणात पण सगळ्यांची डोकी कापलेली, तर त्या फाइलवर काहीच करता येत नाही. मूळ कॅसेट शोधा, आणि या वेळी देतानाच चिठ्ठीवर लिहून द्या: '४:३ ठेवा, झूम नको, ताणू नका'.